हेल्मेटमध्ये आवाज मोठा, पण शब्द अस्पष्ट: दोष इअरकपचा, मायक्रोफोनचा की कानाचा?

नभोगामी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी हेलिकॉप्टर उडवण्याचे प्रशिक्षण घेत आहे आणि त्यासाठी लष्करी धाटणीचे, आत इअरकप (कान झाकणारे कप) बसवलेले संरक्षक हेल्मेट वापरतो. इंजिन बंद असताना इंटरकॉमवरचे बोलणे मला स्वच्छ ऐकू येते. रोटर पूर्ण वेगाने फिरू लागला की मात्र प्रशिक्षकांचे आणि हवाई नियंत्रकांचे बोलणे ऐकू येते, पण कळत नाही. कोणीतरी बोलत आहे, वाक्य कुठे सुरू झाले आणि कुठे संपले, एवढे समजते. परंतु ‘फिफ्टीन’ म्हटले की ‘फिफ्टी’, ‘बी’ म्हटले की ‘डी’, हे संदर्भावरून ताडावे लागते. उंचीचा किंवा दिशेचा आकडा अंदाजाने समजून घेणे मला धोक्याचे वाटते, म्हणून हा प्रश्न सविस्तर विचारत आहे.

आवाजाचे बटण फिरवून मी बोलणे वाढवून पाहिले. बोलणे मोठे होते, पण स्पष्ट होत नाही. उलट काही वेळाने कान शिणतात आणि उतरल्यानंतर बराच वेळ बधिर वाटतात. मी चष्मा वापरतो. डाव्या बाजूला घरघर अधिक जाणवते. हेल्मेट मला नवे मिळालेले नाही. आधी दुसऱ्या कोणाच्या तरी मापाने ते बसवलेले होते.

मोठ्या आकाराचे इअरकप बसवावेत, गोंगाट रद्द करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा घ्यावी की कानात घालायचे, आतून बोलणे ऐकवणारे संपर्क-बोळे वापरावेत, असे तीन वेगवेगळे सल्ले मला मिळाले आहेत. खर्च करण्याआधी नेमके काय बिघडले आहे ते समजून घ्यायचे आहे.

ध्वनिलहरी

आवाज वाढवल्यावर बोलणे मोठे होते पण स्पष्ट होत नाही, हे तुमच्या वर्णनातले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण आहे, कारण त्यातून दोषाची दिशा कळते.

बोलण्यातली बहुतेक ऊर्जा स्वरांमध्ये असते आणि ती साधारण १००० हर्ट्झच्या खाली एकवटलेली असते. शब्द ओळखू येतात ते मात्र मुख्यतः व्यंजनांमुळे. आणि स, श, फ, थ, ट यांसारख्या व्यंजनांचा ओळख पटवणारा भाग २००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही वर असतो, शिवाय तो स्वरांच्या मानाने फार क्षीण असतो. त्यातच विमानातील रेडिओ मुळातच अरुंद पट्ट्यात बोलतो: जुन्या २५ किलोहर्ट्झ अंतराच्या वाहिन्यांवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ, आणि ८.३३ किलोहर्ट्झ अंतराच्या वाहिन्यांवर त्याहूनही कमी, सुमारे २५०० हर्ट्झपर्यंतच. म्हणजे व्यंजनांची वरची कडा तुमच्या हेल्मेटपर्यंत पोहोचण्याआधीच कापली गेलेली असते. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही रेडिओवर अक्षरे सांगण्यासाठी १९५६ मध्ये अंतिम रूपात आलेली अक्षरमाला आणि ‘नायनर’, ‘फाइफ’, ‘ट्री’ असे मुद्दाम बदललेले आकड्यांचे उच्चार याच उणिवेवरचा उपाय आहेत. उरलेला तुटपुंजा भाग कानापर्यंत शाबूत पोहोचवणे हे इअरकपचे काम.

आता गोंगाटाकडे पाहू. हेलिकॉप्टरच्या कॉकपिटमध्ये साधारण ९५ ते १०५ डेसिबल एवढा गोंगाट असतो आणि त्यातली मोठी ऊर्जा रोटरमुळे अगदी खालच्या वारंवारतांवर असते. गिअरबॉक्सची शिट्टीसारखी किणकिण त्याच्या वर बसते. इअरकप वरच्या वारंवारतांना ३० ते ४० डेसिबलपर्यंत अडवतो, पण १२५ हर्ट्झच्या आसपास तोच इअरकप जेमतेम १० ते १५ डेसिबल अडवतो. त्यामुळे कपाच्या आत शिल्लक राहतो तो प्रामुख्याने खर्जातला गोंगाट. तो व्यंजनांच्या पट्ट्यात नाही, मग त्याने व्यंजने का बुडावीत, असे वाटणे साहजिक आहे. याचे कारण अंतःकर्णाच्या रचनेत आहे. उच्च वारंवारतांना प्रतिसाद देणारा भाग शंखाकृती नलिकेच्या तोंडाशी असतो आणि खालच्या वारंवारतांचा भाग तिच्या टोकाशी. त्यामुळे खर्जाची लाट टोकाकडे जाताना उच्च वारंवारतांच्या जागेवरूनच जाते आणि ती जोरकस असेल तर तिथेही हालचाल माजवते. खर्जाचा आवाज जितका मोठा, तितका त्याचा वरच्या पट्ट्यावरचा हा झाकोळ अधिक वेगाने पसरतो. बोलण्याचे स्वरही खर्जातलेच असल्यामुळे बटण फिरवल्यावर ते आणखी फुगतात आणि स्वतःच्याच व्यंजनांना झाकू लागतात. आणि अतिशय मोठ्या पातळीवर, गोंगाट आणि बोलणे यांचे प्रमाण तेच राहिले तरी, आकलन कमी होते. म्हणून खर्जाचा गोंगाट कपात शिरूच न देणे हा खरा उपाय आहे. बटण हा उपाय नाही.

इअरकपचे भौतिकशास्त्र तसे साधे आहे, आणि ते समजले की ‘मोठा कप घ्या’ या सल्ल्याची मर्यादाही समजते. कप म्हणजे एक वस्तुमान. ते कुशनच्या, म्हणजे कपाच्या कडेला कानाभोवती टेकणाऱ्या मऊ कड्याच्या, लवचीकतेवर टेकलेले असते आणि आत अडकलेली हवा ही दुसरी स्प्रिंग असते. बाहेरचा दाब कपाला आत ढकलतो, आतली हवा दाबली जाते आणि तोच दाब कानाला आवाज म्हणून ऐकू येतो. आतल्या हवेचे आकारमान वाढले की ही हवेची स्प्रिंग मऊ होते आणि आतला दाब घटतो. आकारमान दुप्पट केल्यास खालच्या वारंवारतांवर जास्तीत जास्त ६ डेसिबलचा फायदा मिळतो, आणि तोही कुशन पुरेसे ताठ असेल तरच. कप कुशनवर हिंदकळतो तो अनुनाद साधारण १०० ते २५० हर्ट्झच्या दरम्यान असतो आणि तिथे ध्वनिरोध सर्वांत दुबळा असू शकतो; त्याच्या वर कपाचे वजन काम करू लागते आणि प्रत्येक सप्तकामागे सुमारे १२ डेसिबल या दराने रोध वाढत जातो. कपाच्या आतले फोमचे अस्तर फक्त वरच्या वारंवारतांचे प्रतिध्वनी शोषते. खर्जाला ते जवळजवळ अदृश्य असते.

इथे कुशनची अडचण लक्षात घ्या. ते ताठ असेल तर रोध वाढतो, पण मग ते जबड्यामागच्या खळगीत आणि कानशिलावर नीट बेतत नाही. मऊ असेल तर बेतते, पण कप हिंदकळतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत शॉ आणि थीसेन यांनी १९५० च्या दशकात द्रव भरलेल्या कुशनवर काम केले ते याच पेचातून वाट काढण्यासाठी. द्रव दबत नाही, पण आकार घेतो. आजची जेलची कुशने त्याच कल्पनेची वंशज आहेत.

आणि फट राहिली तर वरचे सगळे गणित कोसळते. चष्म्याच्या काडीखाली उरलेली बारीक फट आणि कपातील हवा मिळून एक अनुनादक तयार होतो. त्याच्या वारंवारतेच्या खाली कप जवळजवळ काहीच अडवत नाही, आणि नेमक्या त्या वारंवारतेवर बाहेरचा आवाज आत वाढूनही येऊ शकतो. डाव्या बाजूला घरघर अधिक जाणवते असे तुम्ही म्हणता, म्हणून माझा पहिला संशय तिथे आहे. रोटर चालू असताना, अर्थात जमिनीवर आणि नियंत्रणे प्रशिक्षकांच्या हाती असताना, दोन्ही कप हेल्मेटवरून तळव्यांनी आत दाबून पाहा. घरघर लगेच खाली गेली तर फट आहे.

उपकरणकक्ष

मी हेल्मेट बसवण्याचे आणि तपासण्याचे काम करतो. वरचा खुलासा पटण्यासारखाच आहे. फक्त प्रत्यक्षात कपाआधी मायक्रोफोन तपासावा, असा माझा आग्रह असतो, कारण कानात ऐकू येणारा गोंगाट दोन वाटांनी येतो. एक वाट कपाच्या कडेने आहे, दुसरी तारेतून. प्रत्येक उघडा मायक्रोफोन कॉकपिटचा गोंगाट उचलून सर्वांच्या कानात ओततो. दोन सारखे मायक्रोफोन उघडे असतील तर हा गोंगाट एकाच्या तुलनेत ३ डेसिबलने वाढतो, चार असतील तर ६ डेसिबलने. त्यामुळे तपासणी सोपी आहे: रोटर चालू असताना इंटरकॉमवरचे सगळे मायक्रोफोन क्षणभर बंद करा. घरघर ठळकपणे कमी झाली, तर तेवढा भाग तारेतून येत होता आणि कितीही चांगला इअरकप आणला तरी तो तसाच येत राहील.

हेल्मेटच्या दांडीवरचा मायक्रोफोन गोंगाट टाळतो तो त्याच्या रचनेमुळे. त्याचा पडदा दोन्ही बाजूंनी उघडा असतो. लांबून येणारा खर्ज दोन्ही बाजूंवर जवळपास सारखाच दाब देतो आणि पडदा हलत नाही, तर ओठांजवळचा आवाज एका बाजूवर कितीतरी जोराने पडतो. ही युक्ती अंतरावर अवलंबून आहे. मायक्रोफोन ओठांपासून पाव इंचाच्या आत, जवळजवळ टेकलेला हवा. तो हनुवटीकडे घसरला, उलटा फिरला किंवा त्याची मागची भोके चिकटपट्टीने अथवा मळाने बुजली, की तो गोंगाट टाळू शकत नाही. तुमच्या प्रशिक्षकांचा मायक्रोफोनही तपासायला हवा, कारण तुम्हाला न कळणारे शब्द त्यांच्या मायक्रोफोनमधून निघतात. हे सांगायला विद्यार्थ्याला संकोच वाटतो, तरी सांगावे.

तुमचे हेल्मेट लष्करी धाटणीचे आहे, म्हणून विद्युतरोधही विचारात घ्या. अशा हेल्मेटातील डायनॅमिक मायक्रोफोन बहुधा ५ ओहमचा आणि इअरफोनही अगदी कमी विद्युतरोधाचे असतात. नागरी विमानांचे इंटरकॉम मात्र १५० ते ६०० ओहमच्या हेडसेटसाठी आणि बरेच मोठे संकेत देणाऱ्या मायक्रोफोनसाठी बनवलेले असतात. योग्य अडॅप्टर नसेल तर कमी विद्युतरोधाचे इअरफोन इंटरकॉमच्या प्रवर्धकावर ताण आणतात आणि आवाज वाढवताच बोलणे फाटू लागते.

त्यानंतर माप. साध्या हेडसेटमध्ये कप कानावर दाबण्याचे काम डोक्यावरची पट्टी करते. हेल्मेटमध्ये ती पट्टी नसते. कपामागच्या गाद्या, मानेमागचा पट्टा आणि हनुवटीचा पट्टा मिळून तो दाब देतात. दुसऱ्याच्या डोक्यासाठी लावलेल्या गाद्या तुमच्या डोक्यावर चुकीच्या कोनात दाब देत असणार. कप वरच्या बाजूने घट्ट आणि कानाच्या पाळीखाली सैल, ही मला सर्वाधिक आढळणारी चूक आहे, आणि ती बोलताना जबडा हलला की आणखी उघडी पडते. म्हणून माप घेताना उमेदवाराने गप्प न बसता मोठ्याने काहीतरी वाचावे असे मी सांगतो. कुशनचे आवरण घाम आणि तेलाने कडक झाले असेल, त्याला बारीक चिरा असतील, तर ते बदला. चष्म्याच्या काड्या सरळ, बारीक आणि चपट्या असाव्यात. कानामागे वळणाऱ्या जाड प्लॅस्टिकच्या काड्यांनी खर्जातले कित्येक डेसिबल सहज वाया जातात. काडीसाठी कुशनला खाच मात्र कधीही पाडू नका.

नभोगामी

दोघांचेही मनापासून आभार. प्रशिक्षकांच्या संमतीने जमिनीवर दोन्ही चाचण्या केल्या. मायक्रोफोन बंद करताच गोंगाटाचा एक थर निघून गेला. उरलेली घरघर तळव्यांनी कप दाबल्यावर डाव्या बाजूला स्पष्टपणे कमी झाली, उजव्या बाजूला फारसा फरक पडला नाही. डाव्या कपामागची गादी अर्धवट सुटलेली आहे, हेही आढळले.

आणखी एक शंका आहे. माझ्याकडे एका चांगल्या हेडसेटचे मोठे, कडक कवचाचे कप आहेत. माप दुरुस्त करतानाच ते हेल्मेटमध्ये बसवले तर चालेल का? थोडी जागा करण्यासाठी आतला फोम कापावा लागेल.

शिरस्त्राण

कृपया असे करू नका. हेल्मेट आधी डोके वाचवण्यासाठी आहे आणि इअरकप हा त्या संरक्षणाचाच एक भाग आहे.

याला जुना आणि कटू अनुभव आहे. अमेरिकी लष्कराच्या एसपीएच-४ या हेलिकॉप्टर हेल्मेटचे इअरकप ध्वनिरोधाच्या दृष्टीने उत्तम होते, पण ते कडक प्लॅस्टिकचे होते. अपघातांत डोक्याच्या बाजूला आघात झाला की तो कडक कप चेपत नसे आणि सगळा जोर कवटीच्या बाजूवर पोहोचवत असे. कवटीच्या तळाच्या अस्थिभंगांच्या अभ्यासात ही बाब पुढे आली. त्यानंतर आघाताने चेपणारे, ऊर्जा शोषणारे इअरकप तयार झाले आणि एसपीएच-४बी मध्ये वापरात आले. पुढच्या एचजीयू-५६/पी हेल्मेटसाठी कपाच्या भागातील आघाताची कमाल मर्यादा १५० जी (गुरुत्वीय त्वरणाच्या १५० पट) ठेवली गेली, तर कपाळाभोवतीच्या पट्ट्यासाठी ती १७५ जी आहे. म्हणजे कानाचा भाग अधिक जपण्याजोगा मानला गेला.

ध्वनीसाठी जड आणि ताठ कप हवा, आघातासाठी चेपणारा हवा, आणि मानेसाठी हलका हवा. या तीन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध जातात, आणि उत्पादकाने दिलेला कप हा त्यांच्यातला तपासलेला समझोता असतो. तुम्ही कापणार आहात तो फोमही त्याच समझोत्याचा भाग आहे. ज्या हेल्मेटसाठी जो कप मंजूर आहे तोच वापरा. त्याच मालिकेत जेलचे कुशन किंवा अधिक जाड मागची गादी मिळत असेल तर ती जरूर घ्या.

श्रवणतज्ज्ञ

उतरल्यानंतर कान बधिर वाटतात, हे मी दुर्लक्षित करणार नाही. ती श्रवणशक्तीतील तात्पुरती घट असू शकते आणि ती वारंवार होत राहिली तर कायमची होऊ शकते. गोंगाटाने होणारी हानी बहुधा ३००० ते ६००० हर्ट्झच्या दरम्यान, ठळकपणे ४००० च्या आसपास सुरू होते. म्हणजे व्यंजने ओळखण्याची क्षमता आधी जाते आणि माणूस ‘ऐकू येते, पण कळत नाही’ अशीच तक्रार करतो. हेल्मेट दुरुस्त कराच, पण शांत दिवशी, उड्डाणानंतर नव्हे, ऑडिओग्रामही (श्रवणक्षमतेचा आलेख) काढून घ्या. तो पुढील वर्षांसाठी तुलनेचा आधार म्हणूनही उपयोगी पडेल.

अमेरिकेच्या ‘नायोश’ या व्यवसाय-आरोग्य संस्थेची शिफारस ८ तासांसाठी ८५ डेसिबल अशी आहे आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढीला मुभा निम्मी होते: ९४ डेसिबलला १ तास, १०० डेसिबलला १५ मिनिटे. या हिशेबात इंटरकॉमचे बोलणेही धरावे लागते. कपात ८५ डेसिबल गोंगाट शिरत असेल आणि शब्द कळावेत म्हणून वैमानिकाने बोलणे त्याच्या १० ते १५ डेसिबल वर नेले, तर कानाला इजा करणारा मुख्य स्रोत बोलणेच ठरू शकते. गोंगाट खाली आणला की बोलणेही खाली आणता येते, हा दुहेरी लाभ आहे.

तुम्ही विचारलेले संपर्क-बोळे, म्हणजे फोमच्या टोकातून आरपार बारीक नळी आणि तिला जोडलेला लहानसा ध्वनिक्षेपक, हे अमेरिकी लष्कराच्या वैमानिकी वैद्यक प्रयोगशाळेत विकसित झालेले तंत्र मला अतिशय मोलाचे वाटते. कपाखाली दुसरा रोध मिळतो आणि बोलणे गोंगाटातून न जाता थेट कानाच्या पोकळीत पोहोचते. चष्म्याच्या फटीचा परिणामही त्यामुळे बराच बोथट होतो. दोन रोधांची बेरीज मात्र होत नाही, कारण साधारण ४० ते ५० डेसिबलनंतर आवाज कवटीच्या हाडांतूनच अंतःकर्णापर्यंत पोहोचतो. बोळा खोलवर आणि नीट बसवायला शिकावे लागते. अर्धवट बसवलेला बोळा जवळजवळ निरुपयोगी असतो. कान पूर्ण बंद असताना वेगाने खाली उतरल्यास पडद्यावर दाबाचा ताण येऊ शकतो, म्हणून सर्दी-पडसे किंवा कानाचा जुना आजार असल्यास आधी उड्डाण-वैद्यकाला विचारावे.

सुधारणा झाली की नाही हे मोजायचे असेल तर केवळ ‘बरे वाटते’ यावर विसंबू नका. १९६५ मध्ये मांडलेल्या सुधारित यमक-चाचणीत एकमेकांशी जुळणाऱ्या ६ शब्दांचे ५० संच असतात आणि ऐकणाऱ्याने योग्य शब्द ओळखायचा असतो. अमेरिकी लष्करी मानकानुसार या चाचणीत ९१ टक्के गुण सर्वसाधारणपणे स्वीकारार्ह आणि ७५ टक्के किमान मानले जातात. प्रशिक्षकांनी जमिनीवर, रोटर चालू असताना, सारख्या उच्चाराचे आकडे आणि अक्षरे क्रम बदलून वाचावीत आणि तुम्ही ती लिहून घ्यावीत. ही चाचणीची घरगुती आवृत्ती असली तरी आधी आणि नंतरची तुलना करायला पुरेशी आहे.

ध्वनिलहरी

गोंगाट रद्द करणाऱ्या यंत्रणेबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून पुन्हा लिहितो. जर्मन संशोधक पॉल ल्यूग यांना या कल्पनेचे अमेरिकी पेटंट १९३६ मध्ये मिळाले. वैमानिकांच्या हेडसेटमध्ये ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली. कपाच्या आतला छोटा मायक्रोफोन उरलेला गोंगाट ऐकतो आणि ध्वनिक्षेपक त्याच्या नेमका उलट दाब निर्माण करतो. विलंबामुळे हे साधारण ५०० ते १००० हर्ट्झच्या खालीच नीट जमते. म्हणजे जिथे कप दुबळा आहे नेमके तिथेच, आणि तुमच्या तक्रारीचे मूळही तिथेच आहे. म्हणून मी या यंत्रणेच्या बाजूचा आहे. परंतु ती फटीवरचा उपाय नाही. फटीतून येणारा खर्ज फार मोठा असला तर छोट्या ध्वनिक्षेपकाची ताकद संपते आणि धक्के बसताना कानात फटफट आवाज येतो. तारेतून येणारा गोंगाटही ती कमी करत नाही, कारण तो तिच्या दृष्टीने बोलण्याचाच भाग असतो. घ्यायचीच तर हेल्मेटच्या उत्पादकाने मंजूर केलेली घ्या, आणि वीज गेल्यावर साधा कप म्हणून ती किती अडवते व बोलणे ऐकू येत राहते का, हे आधी बंद स्थितीत तपासा.

उपकरणकक्ष यांनी आवाज फाटण्याचा उल्लेख केला, त्याला एक पुस्ती जोडतो. श्रवणसंशोधक लिकलायडर यांनी १९४० च्या दशकात दाखवले होते की स्वच्छ बोलण्याच्या लाटांचे शेंडे कापले तरी शब्द आश्चर्यकारक रीतीने समजतात. हे खरे असले तरी ते गोंगाट मिसळण्याआधी कापलेल्या बोलण्याबद्दल आहे. तुमच्या बाबतीत गोंगाट मायक्रोफोनमध्येच मिसळलेला असतो, आणि अशा मिश्रणाचे शेंडे कापले की क्षीण व्यंजने गोंगाटात कायमची विरघळतात. त्यामुळे अडॅप्टरची तपासणी पुढे ढकलू नका.

आधी प्रशिक्षकांचा आणि तुमचा मायक्रोफोन ओठांशी आणा, डाव्या कपामागची गादी आणि दोन्ही कुशने बदलून माप पुन्हा घ्या, आणि मग वर सांगितलेली आकड्यांची चाचणी करा. तिचे निकाल इथे लिहिलेत, विशेषतः कोणती अक्षरे अजूनही चुकतात ते, तर उरलेला दोष खर्जाच्या झाकोळाचा आहे, रेडिओच्या अरुंद पट्ट्याचा आहे की कानाचा, हे बऱ्याच खात्रीने सांगता येईल. ‘बी’ आणि ‘डी’ इंटरकॉमवर कळत असतील पण रेडिओवर नाही, तर इअरकपवर आणखी खर्च करू नका.